उंटांच्या गुडघ्यांचा हिवाळा

आज सकाळी पडदा सारला तर शारजा जागेवर नव्हतं. समोरची इमारत, तिच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, खालचा गोल चौक, सगळं कुणी दुधात बुडवून ठेवल्यासारखं झालं होतं. मशिदीच्या मिनाराचं टोक तेवढं दिसत होतं, तेही जमिनीशी काही संबंध नसल्यासारखं तरंगत. खाली दुबईच्या दिशेनं लाल दिवे सरकत होते. गाड्या दिसतच नव्हत्या, नुसते दिवे. फोननं नेहमीच्या शिस्तीत कळवलं की धुकं आहे, वाहनं सावकाश चालवा. मी चहाचं आधण ठेवलं आणि मला उंटांचा वास आला.

घरात उंट नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण ओली वाळू, लसूणघास आणि मोठ्या जनावराचा कोमट श्वास यांचा मिळून एक वास होतो आणि तो माझ्यासाठी धुक्याला कायमचा चिकटून बसला आहे.

रेवा, अद्वय, परवा फोनवर तुम्ही दोघांनी एक प्रश्न विचारलात. इंग्रजीत विचारलात, पण प्रश्न चांगला होता. जी गोष्ट बहुधा जमणारच नाही, तिच्यासाठी सरकारनं मुग्धाआत्याला पैसे का दिले? मी फोनवर काहीतरी पुटपुटले. उत्तर देता आलं नाही, कारण ते उत्तर एका वाक्यात बसत नाही. ते एका हिवाळ्याएवढं आहे. म्हणून लिहिते. तुमचे बाबा वाचून दाखवतील. ते घाईघाईनं वाचायला लागले तर त्यांना थांबवा. लहानपणापासून त्यांना ती सवय आहे.

तुमच्याकडे हिवाळा म्हणजे बर्फ. आमच्याकडे हिवाळा म्हणजे एसी बंद होतात तो दिवस. वर्षातले कितीतरी महिने ही इमारत घोंघावत असते आणि आपण त्याच आवाजात झोपतो, भांडतो, भाजी चिरतो. मग एका सकाळी कुणीतरी बटण बंद करतं, खिडकी उघडतं, आणि घराला ऐकू येऊ लागतं. शेजारच्या घरातला कुकर, खालच्या चहावाल्याच्या पेल्यांची किणकिण, लिफ्टचं दार. माझ्या गुडघ्यांचा आवाजही मी अशाच एका हिवाळ्यात पहिल्यांदा नीट ऐकला. खुर्चीतून उठले आणि कट्ट असं झालं. मुग्धा समोर बसली होती. तिनं लॅपटॉपवरून मान वर केली आणि म्हणाली, "आई, परत एकदा ऊठ बघू."

मुलीनं आईकडे असं बघू नये. पण तिचा व्यवसायच तो. दोन हाडं जिथं भेटतात तिथली गुळगुळीत कूर्चा, आणि त्या भेटीला लागणारं वंगण, हा तिचा विषय. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका छोट्या प्रयोगशाळेत ती काम करत होती. मी सांगते आहे तो हिवाळा गेल्याच्या गेल्या वर्षीचा. तुमचे आबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरात अजून त्यांच्या चपला दाराशी होत्या, आणि गुरुवारची संध्याकाळ आली की मला उगाच दोन पोळ्या जास्त कराव्याशा वाटत, कारण रुवैसच्या रिफायनरीत होते तेव्हा ते गुरुवारी घरी येत. इथली सुट्टी शुक्रवारवरून शनिवार-रविवारवर गेली, ते रिटायर झाले, आणि मग गेलेच, पण माझा गुरुवार काही सरकला नाही.

त्या हिवाळ्यात मुग्धाच्या प्रयोगशाळेतली तिची जागा संपत आली होती. "नवीन निधी आला नाही तर मार्चमध्ये खलास," असं तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं, जणू कोथिंबीर संपल्याचं सांगावं तसं. नोकरी गेली की तिचा व्हिसा जाणार, आणि माझा व्हिसा तिच्या व्हिसाला बांधलेला. म्हणजे उन्हाळ्याच्या आत आम्ही दोघींनी इथून निघायचं. कुठं? जळगावला आपलं म्हणावं असं दार आता उरलेलं नाही. आणि जिथं माझी मुलगी मोठी झाली, जिथल्या मातीत तिच्या वडिलांना पुरलं नाही पण जिथं ते संपले, त्या गावाला सोडायचं म्हणजे नेमकं कशातून निघायचं, तेही मला नीट कळत नव्हतं. तरी मुग्धाला त्याहून मोठी भीती दुसरीच होती. तिच्याकडे एक प्रश्न होता आणि तो विचारायची संधीच मिळणार नाही, अशी ती भीती.

तो प्रश्न उंटांचा होता.

डॉक्टर इद्रीस हे उंटांचे डॉक्टर. मूळचे सुदानचे. तरुणपणी दोन वर्षं पुण्यात शिकायला होते, त्यामुळे मला पहिल्याच भेटीत "आई, बस ना" म्हणाले, आणि मी खरंच बसले. धैदकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, वाळवंटाच्या कडेला, म्हाताऱ्या उंटिणींचा एक गोठा त्यांच्याकडे तपासणीला असे. एकदा चहा पिताना ते मुग्धाला सहज म्हणाले होते की या म्हाताऱ्या जन्मभर दिवसातून किती वेळा गुडघे टेकतात, तापलेल्या वाळूवर टेकतात, आणि तरी बघ कशा उठतात. मुग्धा तिथंच अडकली. माणसाचं वंगण वयानुसार पातळ होतं, आटतं. मग यांचं का टिकतं? टिकतं का खरंच? त्यात असं काही असेल का, जे शिकून माणसाच्या सांध्याला उपयोगी पडेल?

मोठमोठ्या परिषदांत तिनं हे बोलून पाहिलं तेव्हा लोक गोड हसले. गोड हसणं हे नकारापेक्षा वाईट, असं ती म्हणाली.

मी तिच्याबरोबर शनिवारी गोठ्यावर जायला लागले ते घरात एकटं बसवत नव्हतं म्हणून. पहाटेच्या धुक्यात गाडी शहराबाहेर पडायची. दिव्यांचे खांब एकेक करून समोर यायचे आणि मागे विरघळायचे. मग रस्ता वाळूचा व्हायचा, आणि धुक्यात कुठेतरी आधी एक मान दिसायची. नुसती मान, खाली अंग नाही. मग दुसरी. गवताची मोळी सोडली की हिरवा ओला वास सुटायचा आणि सगळ्या माना त्या दिशेला वळायच्या, सावकाश, जणू पाण्याखाली आहेत. इद्रीस जिभेनं "इख्ख, इख्ख" असा आवाज करायचे आणि एखादी उंटीण पुढचे पाय दुमडून खाली यायची, थोडी थांबायची, मग मागून बसायची. मला ते बसणं फार आवडायचं. एखाद्या मोठ्या घरातल्या बाईनं जेवणानंतर पानाचा डबा घेऊन बसावं तसं.

"हा हिचा गुडघा ना?" मी एकदा पुढच्या पायाच्या जाड घट्ट्यावर बोट दाखवून विचारलं.

"आई, ते मनगट आहे," इद्रीस म्हणाले. "खरा गुडघा मागच्या पायात, वर. तू चुकीच्या जागी नमस्कार करते."

मुग्धा इतकी हसली की उंटीण उठून उभी राहिली. आबा गेल्यानंतर तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. धुक्यात हसणं लांबपर्यंत जात नाही, आपल्याभोवतीच राहतं. ते अजून मला ऐकू येतं.

हाडं, सांधे आणि स्नायू यांच्या आजारांवर कुणी वेगळी वाट शोधत असेल, जिला नेहमीचे लोक दारात उभं करणार नाहीत, तर अशांसाठी इथल्या सरकारनं एक निधी ठेवला होता. फसण्याची शक्यता मोठी असली तरी चालेल, पण जमलं तर खूप बदललं पाहिजे, अशी त्यांची अट. मुग्धानं हिवाळा लागतानाच अर्ज केला होता. मीही तो वाचला होता. शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवल्यामुळे व्यवस्थित लिहिलेलं पाहिलं की मला बरं वाटतं, आणि तो अर्ज अतिशय व्यवस्थित होता.

तो परत आला.

त्या दिवशी समोरच्या दारातली फिलोमिना आमच्याकडे बसली होती. ती वसईची, दुबईत एका हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर, मला शेजारीण या नात्यानं नव्हे तर तिच्या मुलाची शिक्षिका म्हणून ओळखते, आणि आजही टीचर म्हणते. मुग्धानं फोनवर ते उत्तर वाचलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"ते म्हणतात, हे पुरेसं धोक्याचं नाही."

"म्हणजे?" फिलोमिना म्हणाली. "पेपर जास्तच चांगला लिहिला म्हणून नापास?"

"तसंच समज. म्हणतात, तुमचं काम होईलच. मग आमच्याकडे कशाला येता?"

"काय टीचर, ही कसली गव्हर्नमेंट? माझे गुडघे रोज पायऱ्या चढून खरे धोक्यात आहेत, त्यांना कुणी अर्ज पाठवत नाही."

आपल्या घरात धोका म्हणजे काय, ते तुम्हाला कळायला हवं. तुमच्या आबांना विमानतळावर वेळेवर पोचणं म्हणजे उशीर वाटायचा. तिकिटाची झेरॉक्स आणि झेरॉक्सची झेरॉक्स. मुग्धानं बारावीनंतर तीन ठिकाणी अर्ज केले होते, तिसरा तर तिला नको असलेल्या कोर्सला, "असू दे" म्हणून. आणि गणपतीत मी उकडीचे मोदक करते, पण पारी फुटली तर नैवेद्याला काय, म्हणून आधी तळणीचे करून डब्यात ठेवते. दरवर्षी. उकडीचे कधी फुटले नाहीत, पण तळणीचे कधी चुकले नाहीत.

मुग्धानं अर्ज पुन्हा उघडला, आम्हाला दोघींना दाखवला, आणि आम्ही तिघींनी तो पहिल्यांदा खरा वाचला. पानंच्या पानं आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींची होती. यंत्रं, पद्धती, नक्की निघणारे निष्कर्ष. उंट शेवटच्या परिच्छेदात होते, पाहुण्यांत लाजून मागे उभ्या राहिलेल्या मुलीसारखे.

"आई," मुग्धा म्हणाली, "मी त्यांना तळणीचेच मोदक पाठवले."

निधीवाल्यांनी अर्ज सुधारून पाठवायला एकदाच मुभा दिली होती. पुढचे काही दिवस ती घरी बसून अर्जातून एकेक खात्रीची गोष्ट काढत होती. मी स्वयंपाकघरातून पाहायचे. एखाद्याच्या अंगावरचे गरम कपडे उतरवताना पाहावं तसं मला होत होतं. शेवटी उरले फक्त उंट, आणि ती. "इतकं उघडं?" मी विचारलं. ती म्हणाली, "हो. भीती वाटतेय. पण मागच्या अर्जात मला भीतीच वाटली नव्हती, तेव्हाच कळायला हवं होतं."

त्यानंतरच्या शनिवारी धुकं इतकं होतं की आम्ही गोठ्यात पोचलो तरी गोठा दिसला नाही. इद्रीस चहाचा कागदी पेला दोन्ही हातांत धरून उभे होते. करक चहा, वेलदोड्याची वाफ, आणि वाफ कुठं संपते आणि धुकं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. मुग्धा त्यांना मोठ्या उत्साहानं सांगत होती की इथल्या म्हाताऱ्या सगळ्या कशा उठतात, एकही लंगडत नाही.

इद्रीसनी घोट घेतला. "मुग्धा, एक बोलू? जी उठत नाही, ती माझ्याकडे कोण आणेल?"

मुग्धानं वळून उंटिणींकडे पाहिलं. मीही. समोर एक उंटीण उठली, मागून वर, मग पुढून, धुक्यात तिचा आकार तयार झाला. परतताना गाडीत मुग्धानं रेडिओ लावला नाही. मला वाटलं तिला राग आला असेल. राग नव्हता. मनात एक दार उघडून थंड वारा आत आला की माणूस गप्प बसतं, तसं ते होतं. आपण फक्त उठणारे उंट पाहिले, आणि उठणाऱ्यांवरून सगळ्यांचं ठरवलं, असं तर नसेल?

निधीवाल्यांनी बोलावलं. मुलाखत अबू धाबीला होती. मी बरोबर गेले. सकाळी हायवेवर पुन्हा धुकं, पिवळे दिवे लुकलुकत होते, सगळा देश जपून पावलं टाकत चालल्यासारखा. मला बाहेर सोफ्यावर बसवलं. एकानं गहवा, म्हणजे इथली अरबी कॉफी, आणून दिला, छोट्या पेल्यात, आणि खजूर. पेला हलवून पुरे असं सांगायचं असतं, ते मी विसरले आणि तो भरतच राहिला. समोर काचेची भिंत होती आणि भिंतीबाहेर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. मी डोळे मिटले तर आबा शेजारी बसलेले वाटले, हातात झेरॉक्सची फाइल घेऊन. ते म्हणत होते, आपण वेळेच्या खूप आधी आलो आहोत, काळजी करू नकोस.

मुग्धा बाहेर आली. गाडीत बसल्यावर सांगू लागली.

"मुलाखत घेणाऱ्यांत मधे बसलेल्या बाईंनी विचारलं, तुमची कल्पना चूक आहे हे तुम्हाला कशानं कळेल?"

"मग?"

"मी इद्रीसचं सांगितलं. म्हटलं, मी फक्त उठणारे पाहिले. न उठणारे असतील तर माझी कल्पना बहुधा गेली."

"हे तू आपण होऊन सांगितलंस?"

"विचारलं ना त्यांनी."

"अगं, विचारलं म्हणून सगळं सांगायचं असतं का? त्यांना वाटेल हिलाच खात्री नाही."

"नाहीये, आई," ती म्हणाली. गाडी सुरू करताना तिचा चेहरा मला दिसला. परीक्षेचा पेपर देऊन आल्यावर तिचा चेहरा नेहमी घट्ट मिटलेला असे, मनात मार्कांची बेरीज चालू असे. तो चेहरा नव्हता. झोपेतून उठलेल्या लहान मुलासारखा मोकळा होता. मला मात्र घरी परतेपर्यंत आवराआवरच दिसत होती. कोणती भांडी कुणाला द्यायची, आबांची खुर्ची विमानानं जाईल का.

निधी मिळाला. ते पत्र आलं तेव्हा धुक्याचे दिवस सरत आले होते आणि दुपारी ऊन चावायला लागलं होतं. फिलोमिनानं नारळाचा केक केला आणि म्हणाली, "चला, उंटांचे गुडघे पास झाले. टीचर, आता आपण दोघी उंट म्हणून अर्ज करू." पण निधी मुग्धानं मागितला तसा नव्हता. एका वर्षाचा होता, आणि पहिलं काम त्यांनी नेमून दिलं होतं: आधी न उठणारे उंट शोधा. ते किती आहेत यावर पुढचं ठरेल.

म्हणजे तिला पैसे मिळाले होते ते स्वतःच्याच कल्पनेचे पाय ओढायला. मला त्या वेळी हे फार चमत्कारिक वाटलं. आता वाटतं, एखाद्या माणसाला तू खरं शोध, चुकलं तरी चालेल, असं कुणी सांगणं, आणि तेवढा काळ त्याच्या डोक्यावरचं छप्पर राहू देणं, ही जगातली फार मोठी गोष्ट आहे. रेवा, अद्वय, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं उत्तर एवढंच. जे नक्की होणार आहे ते करायला माणसं आपली आपण पुढे येतात. शंका घेऊन फिरणाऱ्याला मात्र कुणीतरी दार उघडावं लागतं. त्या एका वर्षाला पुढे आणखी जोडलं गेलं. मूळ कल्पना अर्धी चूक आहे, असं मुग्धा हल्ली म्हणते, आणि कोणती अर्धी ते शोधते आहे. या मार्चनंतर काय, ते आम्हाला ठाऊक नाही.

पण त्या वसंतात मी एवढी शहाणी नव्हते. आम्ही एका गोठ्यावरून दुसऱ्या गोठ्यावर जायचो, इद्रीस ओळख करून द्यायचे, मालक गहवा द्यायचे, आणि समोरच्या उंटिणी एकामागून एक उठून उभ्या राहायच्या. प्रत्येक वेळी मी मनात म्हणायचे, उठली, बरं झालं, राहिलो. मुग्धाचा चेहरा मात्र प्रत्येक वेळी थोडा पडायचा. तिला वाटायचं लोक लपवतात. तिचं खरं होतं. घरातलं दुखणं पाहुण्यांसमोर कोण आणतं?

मग एका सकाळी एका वयस्क मालकानं आमचं सगळं ऐकून घेतलं, गोठा दाखवला, निरोपही दिला, आणि आम्ही गाडीपाशी पोचलो तेव्हा मागून हाक मारली. तो इद्रीसना अरबीत काही बोलला. इद्रीस म्हणाले, "मागे एक आहे. त्याच्या वडिलांची होती. कुणाला दाखवत नाही."

गोठ्यामागे घाफचं एक झाड होतं. त्याच्याखाली ती बसलेली होती, मान लांब करून, हनुवटी वाळूवर टेकून. जवळ पाण्याची बादली आणि ताजं गवत, तोंडाशी येईल असं ठेवलेलं. तिच्याभोवतीची वाळू झाडून साफ केली होती. आमची चाहूल लागल्यावर तिनं अंग थोडं पुढे ढकललं, मागचे पाय थरथरले, आणि ती पुन्हा होती तशी राहिली.

"तिला उठवू नका," मालक म्हणाला. "यल्ला, चला, बसा. ती पाहुण्यांना बसूनच भेटते."

मुग्धा खाली वाळूवर बसली, पाय दुमडून, उंटिणीच्या कुशीलगत. तिनं हात उंटिणीच्या मागच्या पायावर, खऱ्या गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा उजळलेला होता.

"आई," ती हळूच म्हणाली, "सापडली."

मला काय वाटायला हवं होतं ते मला कळलं नाही. हीच ती, जी आम्हाला इथून घालवू शकली असती. माझे गुडघे दुखत होते आणि तिथं बसायला काही नव्हतं. ऊन झाडाच्या फांद्यांतून उतरून त्या म्हातारीच्या डोळ्यांवर आलं होतं आणि ती पापण्या मिटत होती, उघडत होती. मी दोन पावलं बाजूला सरकले, माझी सावली तिच्या चेहऱ्यावर पडेल अशी उभी राहिले, आणि मुग्धाचं काम होईपर्यंत हलले नाही.